एक फूल वाळवायचं होतं

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या रसायन कारखान्याचं खरेदी खातं सांभाळणाऱ्या माणसाच्या ज्ञानाला समाज सहसा हात लावत नाही. घरात माझ्या पदवीचा उपयोग एवढाच. मी बाजारातून मेथी आणली की कांचन, म्हणजे माझी बायको, जुडी हातात फिरवून म्हणते, "बॉटनीवाले, ही मेथी नाही. हा रजको आहे. म्हशीला घालतात." त्यामुळे आईने स्टेशनवर गाडी सुटता सुटता एका फुलाची जबाबदारी माझ्यावर टाकली, तेव्हा मला खरं तर भरूनच आलं.

ग्वाल्हेरच्या मावशीने न्हाणीघरात घसरून पाय मोडून घेतला, आणि त्याच आठवड्यात आमच्या वासण्याच्या बैठ्या टेनामेंटपुढच्या बागेत आईच्या डेलियाला कळी धरली. या योगायोगाला आई योगायोग मानायला तयार नव्हती. "लहानपणापासून हिचं हेच. माझं काही चांगलं होतंय म्हटलं की ही पडते." तीन वर्षं आई त्या डेलियाच्या मागे होती. पहिल्या वर्षी कंद कुजला, दुसऱ्या वर्षी मुंग्यांनी खाल्ला, तिसऱ्या वर्षी नुसती पानं आली, आणि ती इतकी तजेलदार की आईला तो अपमान वाटला. या वर्षी कळी. आणि आईच्या हातात ग्वाल्हेरचं तिकीट.

"मी फोटो काढून ठेवतो," मी म्हणालो.

"फोटो नको. फोटोत सगळंच बरं दिसतं. माझ्या लग्नाच्या फोटोत तुझे वडीलसुद्धा हसतायत." गाडी हलली. आई खिडकीतून म्हणाली, "सदानंद, मला फूल बघायचंय. फूल."

मी म्हणालो, ठेवतो राखून. कॉलेजात हर्बेरियमच्या वहीला मला सर्वांत जास्त गुण होते. फूल वाळवायचं म्हणजे काय, टिपकागदात घालायचं, वर वजन ठेवायचं, विसरून जायचं. विसरण्यात तर मी पारंगतच आहे.

डेलिया उमलायला अवकाश होता, म्हणून आधी हात बसावा या हेतूने मी बागेतली इतर फुलं घेतली. पँझी, फ्लॉक्स, शेवंती. पहिला प्रश्न वजनाचा. आमच्या घरात सर्वांत जड पुस्तक म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी, पण ती फोनखालून काढली की फोन लंगडतो. तेव्हा रावपुऱ्यातले दत्ताजीराव आठवले. दत्ताजीराव वडिलांचे स्नेही. त्यांच्या घरात संस्थानी कारभाराच्या अहवालांचे कातडी बांधणीचे खंड आहेत आणि ते गेल्या दोन पिढ्यांत कोणी वाचलेले नाहीत. मी मागितले, त्यांनी आनंदाने दिले. स्वतः रिक्षातून घेऊन आले. फुलांवर रचताना वनस्पती दाबण्याची खरी पद्धत महाराजांच्या काळात कशी होती हेही त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं.

पण एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी गेली की तिची किंमत कळते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दत्ताजीराव आले आणि म्हणाले, तो सर्वांत खालचा खंड जरा काढ बरं, विश्वामित्री नदीवरचा जुना पूल कोणत्या सालचा ते बघायचंय. तिसऱ्या दिवशी त्यांना मधला खंड हवा झाला. जे पुस्तक त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं, ते ते आता माझ्या फुलांवरून काढून, माझ्या खुर्चीत बसून, माझा चहा पीत वाचू लागले. वजन स्वतःच वाचायला येतं म्हटल्यावर फुलं काय दाबली जाणार? शेवंतीला बुरशी आली. दत्ताजीराव म्हणाले, "टिपकागद देशी असणार."

मग कांचनच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुचवलं की इस्त्री फिरवावी. वर्तमानपत्रात फूल ठेवायचं आणि वरून मंद इस्त्री. हे मात्र जमलं. पाकळ्या कागदासारख्या झाल्या. इतक्या कागदासारख्या, की वर्तमानपत्राची शाईही त्यांनी उचलली. पांढऱ्या फ्लॉक्सवर उलट्या गुजरातीत शेअरबाजार उमटला आणि एका पिवळ्या पँझीवर कोणा सिमेंट कंपनीच्या अध्यक्षांचा अर्धा चेहरा. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी शेअर होते हे मान्य, पण फुलांनी तरी अंतर राखायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर शेवंतीचा पिवळा ठसा होता. त्याबद्दल तीन जणांनी मला हळदीच्या शुभेच्छा दिल्या.

दर रविवारी ग्वाल्हेरहून आईचा फोन येई. मावशीच्या पायाचं ती दोन वाक्यांत उरकी. मग विचारी, "उमललं?"

आणि एका गुरुवारी ते उमललं.

मी त्याचं वर्णन करत नाही. मला ते जमत नाही हे नंतर सिद्धच झालं. एवढंच सांगतो की कांचन शाळेच्या घाईत असूनही दारात थांबली आणि काही बोलली नाही, आणि कांचनने काही न बोलणं ही आमच्या घरात निसर्गाची मोठी घटना समजतात. ताटलीएवढं, भरगच्च फूल. त्याला पुस्तकाखाली ठेवणं म्हणजे बैठकीतल्या गवयाला सतरंजीखाली ठेवणं. मी दोन-तीन दिवस ते झाडावरच राहू दिलं आणि विचार केला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, मायक्रोवेव्हमध्ये फुलं मिनिटात वाळतात. मायक्रोवेव्ह आमच्या सोसायटीत एकच होता. शेजारच्या रमणीकभाईंकडे. नुकताच आलेला, त्याच्यावर अजून कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि त्यात फक्त पाणी गरम करत.

इथे एक भाषिक खुलासा करतो, म्हणजे पुढचा प्रसंग तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आपण मराठीत माणूस गेल्यावर अस्थी म्हणतो. गुजरातीत त्यांना 'फूल' म्हणतात, आणि आईला 'बा'. चाणोदला नर्मदेत 'फूल' पधरावतात, म्हणजे सोडतात, ते हे. मी जन्माने बडोदेकर, मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आग लागल्यावर बंबाचा नंबर जसा माहीत असतो, तसं माहीत होतं.

रमणीकभाई दुकानात गेले होते. त्यांच्या पत्नी मधुकांताबेन हिंचक्यावर झुलत तूर निवडत होत्या. मी माझ्या उत्तम गुजरातीत म्हणालो, "बानां फूल छे. जरा सूकववां छे. तमारा ओवनमां मूकी शकाय?"

मधुकांताबेनचा हिंचका थांबला. त्यांनी विचारलं, "क्यारे थयुं?"

केव्हा झालं म्हणजे केव्हा उमललं. मी म्हणालो, "बे-त्रण दिवस थया."

"शांतिथी?"

प्रश्न जरा चमत्कारिक होता, पण गुजराती माणसं प्रत्येक गोष्टीत शांती विचारतात. जेवणाचीसुद्धा. "एकदम शांतिथी," मी म्हणालो. "धीरे धीरे. अमे तो त्रण वरसथी राह जोता हता. घरमां बधाने बहु आनंद थयो."

तीन वर्षं वाट पाहिलेली, आनंद होणारच. मधुकांताबेननी पदर डोळ्यांना लावला, आणि ओवन नवा आहे, वॉरंटीत आहे, त्यात असलं काही चालणार नाही असं अगदी घोगऱ्या आवाजात सांगितलं. एका फुलासाठी डोळ्यांत पाणी आणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी येऊन मी कांचनला म्हणालो, "बघ, याला रसिकता म्हणतात."

त्या संध्याकाळी मधुकांताबेनकडून खिचडी-कढी आली. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातून. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातून, तीही खिचडीच, बिनफोडणीची. आजूबाजूचे टीव्ही एकदम हळू झाले. मुलं आमच्या फाटकासमोर क्रिकेट खेळायची थांबली. येता-जाता पुरुष मंडळी माझ्या खांद्यावर हात ठेवून काही न बोलता पुढे जात. कांचनला संशय आला की मी ऑफिसात काहीतरी करून बसलोय. मला मात्र वाटलं, सासू गावाला गेलेल्या नोकरदार सुनेची सोसायटी किती काळजी घेते. खिचडी चांगली होती. मी दोनदा भांडं परत करताना म्हणालोही की अशीच कृपा असू द्या.

मायक्रोवेव्ह गेला. राहिलं सिलिका जेल. पाणी शोषून घेणारे निळे दाणे. आमच्या कारखान्यात यंत्रांपाशी पिंपच्या पिंप भरलेलं असतं. त्यात फूल पुरून ठेवलं तर आकार आणि रंग तसाच राहतो, हे मला शास्त्रीय आधाराने ठाऊक होतं. डबाभर जेल घरी नेण्याची परवानगी मला साहेबांनी तोंडी दिली. पण तोंडी परवानगी फाटकापर्यंतच चालते. फाटकावर सुभानराव. पलटणीतून निवृत्त, मिशा अजून सेवेत.

"माल परत येणारा की न येणारा?" सुभानरावांनी विचारलं.

मी म्हणालो, फूल वाळलं की जेल परत आणीन.

"मग परत येणारा. कारण काय घालू?"

"फूल वाळवणे."

सुभानरावांनी पास माझ्याकडे फिरवून दाखवला. त्यावर कारणांचे रकाने छापलेले होते: दुरुस्ती, चाचणी, भंगार. "यात फूल कुठे बसतं, साहेब?" बराच खल झाला. मी चाचणी सुचवली. ते म्हणाले, चाचणीला प्रयोगशाळेची सही लागते. दुरुस्ती सुचवली, ते म्हणाले, फूल मोडलंय का? शेवटी कंपनीच्या बसने भोंगा वाजवला आणि माझा डेलिया 'भंगार, परत येणारे' म्हणून नंदेसरीच्या बाहेर पडला.

घरी मी पत्र्याच्या डब्यात निळे दाणे अंथरले, फूल उभं ठेवलं, पाकळी पाकळीत दाणे सोडले, वरून पुन्हा भरले. हवा जाऊ नये म्हणून झाकणावर आईच्याच जुन्या लाल खणाचं कापड ताणून सुतळीने बांधलं. सुंदर काम झालं. तेवढ्यात कांचनने डबा पाहिला. "नंदेसरीचं रसायन माझ्या घरात राहणार नाही. स्वयंपाकघरात नाही, देवघरात नाही, माळ्यावर नाही." नळ फुटल्यासारखं तिने आठ-दहा जागा नाकारल्या. शेवटी मी डबा अंगणातल्या बदामाच्या फांदीला उंच टांगला.

लाल फडकं बांधलेला डबा, घराबाहेर, झाडाला. गुजराती सोडा, कुठल्याही मराठी माणसालासुद्धा याचा अर्थ सांगावा लागत नाही. मी त्याच्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचत बसे.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रमणीकभाई कुंपणापाशी आले. हे मंगळ बाजारातले कापडाचे व्यापारी. दर पौर्णिमेला आपल्या मारुतीतून चाणोदला स्नानाला जातात. आवाज खाली आणून म्हणाले, "सदानंदभाई, काले पूनम छे. हुं चाणोद जाउं छुं. फूल लई जाउं?"

देवाला न्यायला बागेतली फुलं मागतायत. किती अदब. मी म्हणालो, "लई जाओ ने. जेटलां जोईए एटलां." हवी तितकी न्या.

रमणीकभाई जरा घुटमळले. "ना, एटले... पेलां. बानां."

"बधां बानां ज छे," मी उदारपणे म्हणालो. सगळी आईचीच आहेत.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला सुचवलं की मनावर फार घेऊ नका, मी सगळं विधिपूर्वक करीन. फुलं वाहण्याचा असा विधी मी ऐकला नव्हता, पण वैष्णवांच्यात असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येतो तो बदामाच्या फांदीला नुसती सुतळी. मी झाडाखाली पाहिलं, झाडावर पाहिलं, कांचनकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? नाही म्हणायचं असलं की मी तोंडावर म्हणते." एवढ्यात रमणीकभाई आले. ओलं धोतर खांद्यावर, हातात प्रसादाचा नारळ, आणि माझा डबा. स्वच्छ धुतलेला.

त्यांचे डोळे पाणावले होते. भरल्या आवाजात त्यांनी जे सांगितलं त्याचा सारांश असा. होडी मध्यावर नेली. गोर महाराजांनी मंत्र म्हटले. फडकं सोडलं, तर आत राख नाही, हाडं नाहीत. सगळं निळं, कृष्णाच्या रंगाचं. सत्तर पौर्णिमांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. पाण्यात सोडताच ते तडतडलं, जणू कोणी बोलतंय, आणि पाहता पाहता निळ्याचं गुलाबी झालं. आणि मग खालून, पाण्याच्या आतून, एक मोठं फूल वर आलं.

"बा तो बहु पुण्यशाळी," रमणीकभाई म्हणाले.

कोबाल्टचा क्षार पाणी लागलं की निळ्याचा गुलाबी होतो आणि कोरडं जेल पाण्यात तडकतं, हे मी सांगणार होतो. पण त्याआधी त्यांचं पहिलंच वाक्य कुठेतरी आत जाऊन पोचलं. राख नाही, हाडं नाहीत. मग खिचडी आठवली. खांद्यावरचे हात आठवले. मधुकांताबेनपुढे आपण 'बहु आनंद थयो' म्हणालो ते आठवलं, आणि मी नारळासकट पायरीवर बसलो.

"रमणीकभाई," मी म्हणालो, "बा जीवे छे."

"जीवे ज छे ने," ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "आपणा बधानां दिलमां."

मी ग्वाल्हेरचं नाव घेतलं, मावशीचा पाय सांगितला, रविवारचा फोन सांगितला. रमणीकभाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग त्यांनी कांचनला बाजूला बोलावून यांना एकटं सोडू नका, असं सांगितलं. कांचन हसू दाबायला आत पळाली. ती रडायला गेली असं त्यांना वाटलं. पुढे कळलं की सोसायटीत सगळ्यांना एकच कोडं होतं, बेसणं, म्हणजे शोकसभा, का ठेवलं नाही? त्यावर मधुकांताबेननी निर्णय दिला होता की मराठी लोकांमध्ये तशी पद्धत नसावी. ते लोक आनंद मानतात.

रविवारी आईचा फोन आला. "उमललं?" मी हो म्हणालो. "ठेवलंयस ना?" मी म्हणालो, "तू ये." याहून जास्त खोटं बोलायचं धाडस नव्हतं आणि खरं फोनवर मावलं नसतं. मला सोसायटीची धास्ती नव्हती. लोक काय, एक दिवस दचकतील. पण तीन वर्षं वाट पाहून जे फूल तिने मागितलं होतं ते नर्मदेत होतं, आणि ते मी स्वतः, उदारपणे, जेटलां जोईए एटलां म्हणून दिलं होतं.

आई सकाळच्या गाडीने आली. रिक्षातून उतरली तेव्हा मधुकांताबेन पाइपाने अंगण धूत होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं, शांतपणे पाइप खाली ठेवला, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. पाणी रस्त्यावर वाहत राहिलं. समोरच्या घरातला एक म्हातारा पेपर वाचत होता, त्याने पेपर तोंडापुढे आणखी उंच धरला.

आईने काही पाहिलं नाही. पिशवी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "कुठाय?"

मी सांगितलं. सुरुवातीपासून, ओवनपासून, एकही शब्द न गाळता. कांचन मधून मधून माझं गुजराती दुरुस्त करत होती. आई ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही, आणि मला वाटलं, संपलं. आता ती डेलियाच्या नुसत्या देठाकडे जाईल आणि पुन्हा कधी काही मागणार नाही.

आई म्हणाली, "कोणकोण आलं होतं?"

"कशाला?"

"मी गेले तेव्हा. कोणी काय काय पाठवलं?"

मी खिचड्या सांगितल्या. कोपऱ्यावरच्या घरातून बिनफोडणीची आली हे ऐकून तिने मान हलवली. तिला त्या घराकडून तेवढीच अपेक्षा होती. मग ती उठली, आणि सरळ रमणीकभाईंच्या दारात जाऊन कडी वाजवली. मी मागे. दार उघडायला वेळ लागला. रमणीकभाईंनी आईला पाहिलं आणि पहिल्यांदा तिच्या पायांकडे पाहिलं. पाय सुलटे होते.

"रमणीकभाई," आई गुजरातीत म्हणाली, "माझं फूल तुम्ही पाहिलंत ना? मला सांगा कसं होतं."

रमणीकभाईंनी दार पूर्ण उघडलं. मग ते हिंचक्याच्या कडेवर बसले आणि हळूहळू सांगू लागले. हातांनी दाखवत होते. एवढं मोठं. काळसर लाल, पण ऊन लागलं की कडेला जाळासारखं. पाण्यावर आलं ते लगेच वाहून गेलं नाही, होडीभोवती एक चक्कर मारली. मान ताठ. "जसं बा तुम्ही सकाळी बागेत फिरता," ते म्हणाले, "एकेका झाडाशी थांबत, कोणाकडे न बघता." मधुकांताबेन आतून हळूच येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आईच्या दंडाला बोट लावून पाहिलं आणि मग मोठ्याने रडल्या.

आईने डोळे मिटले होते. उघडले तेव्हा म्हणाली, "दिसलं."

मला वाटलं, प्रकरण इथे मिटलं. कारखान्यात भंगार परत आलं नाही म्हणून सुभानरावांचा निरोप आला होता, तेवढंच उरलं. पण पुढच्या पौर्णिमेला आई पहाटेच नऊवारी नेसून रमणीकभाईंच्या मारुतीत पुढच्या सीटवर बसलेली. तिला जागा बघायची होती. मागे मधुकांताबेन, कांचन, मी आणि दशम्यांचा डबा.

चाणोदच्या घाटावर तेच गोर महाराज होते. रमणीकभाई त्यांना टाळून पुढे जायच्या बेतात होते, पण महाराजांनी ओळखलं. हातात पाण्याचा लोटा घेऊन ते आईपुढे आले आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "कोनां फूल छे, बा?"

"मारां," आई म्हणाली. "ए तो गया महिने आवी गयां. हुं आजे आवी."